चोकेकिराओचा पाच दिवसांचा ट्रेक: गुडघा आणि शाकाहार, दोन्ही निभतील का?

मनीषनगरवाला
नमस्कार मंडळी. पुढच्या मे-जूनमध्ये मी, बायको, साळा आणि त्याची बायको असे चौघं पेरूला जायचं ठरवून राहिलो. माचूपिचूला पायी नेणाऱ्या इंका ट्रेलची चौकशी केली तर एजन्सी म्हणते, दिवसाला 500 च लोकांना सोडतात, त्यात गाइड आणि पोर्टरही मोजतात, तुमच्या तारखांचे परमिट संपले. बदल्यात चोकेकिराओ नावाच्या इंकांच्या जुन्या गडाचा ट्रेक सुचवला. गाइड, तंबू, जेवण सगळं त्यांचं. चार दिवसांचा घेतला तर स्वस्त, पाच दिवसांचा महाग.

फोटोत माचूपिचूसारखंच दिसून राहिलं, फक्त माणसं नाहीत. आम्ही सगळे पन्नाशीचे. हर की दून झालेलं आहे, पचमढी तर घरचीच. पण साळ्याचं लेहला डोकं लय दुखलं होतं आणि माझा उजवा गुडघा उतरताना कुरकुर करते. आम्ही तिघं शाकाहारी, साळा अंडं खाते. गाइड खरंच लागतो का, की उगाच डॉलर जातात? कोणी जाऊन आलं असेल तर सांगा.

बर्डीचा_बंड्या
भाऊ, माचूपिचूले ट्रेन जाते ना! काहून जीवाले त्रास देऊन राहिले?

खामल्याची_काकू
बंड्या, तू ट्रेननंच जा बाबू. मनीषनगरवाले भाऊ, मी करून आली आहे हा ट्रेक, म्हणून सविस्तर सांगते.

आधी उंचीचं भूत डोक्यातून काढा. तो गड आहे साधारण 3050 मीटरवर. चालायला सुरुवात होते काचोरा गावाच्या पुढं, कापुलियोकच्या खिंडीतून, ती 2900 च्या आसपास. नकाशात पाहिलं की वाटते, हे तर समोरासमोरच आहे. मधात आपुरिमाक नदीची दरी आहे ना! प्लाया रोसालिनाच्या पुलापर्यंत उतरत 1500 मीटरवर यायचं, पूल ओलांडायचा आणि समोरच्या अंगानं तेवढंच परत चढायचं. समुद्राच्या पाण्यातून निघून कळसूबाईच्या माथ्यावर गेल्यासारखं. आणि येताना हेच सगळं पुन्हा उलटं. साळ्याचं डोकं दुखलं तर ते कुस्कोत दुखेल, कारण ते शहर 3400 मीटरवर आहे. विमानातून उतरून थेट ओयांतायतांबो गावाकडे खाली जा, ते 2800 च्या आसपास आहे, मग कुस्को करा. डायमॉक्सचं, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीचं, आपल्या डॉक्टरला विचारा, मला नका विचारू.

चार दिवसांचं मात्र घेऊ नका, यावर मी भांडायलाही तयार आहे. त्यात एवढं चढून गेल्यावर वरती अर्धा दिवसही धड भेटत नाही, आणि तो गड एका जागी गोळा झालेला नाही. मधल्या धारेवर मोठा चौक आणि घरं, त्याच्या वरच्या टेकडीचा माथा तासून सपाट केलेली पूजेची जागा, पाण्याचे दगडी पाट, आणि खरी चीज पलीकडच्या उतारावर. खड्या पायऱ्या उतरून जावं लागते. शेतीचे बांध आहेत, काळपट चपट्या दगडांचे, आणि त्या भिंतीत पांढरे दगड बसवून लामा काढले आहेत. दोन डझनाच्या आसपास असतील, एकामागं एक, काहींच्या पायाशी पिल्लू. वरच्या बांधांवर पांढरी नागमोडी नक्षी. बांधावर उभं राहिलं तर नाकासमोर एक पाय नाहीतर एक मान दिसते, सगळा कळप पाहायला समोरच्या मचाणावर जावं लागते. पांढरा दगड काळ्याच्या बरोबरीनं बसवलेला, कुठं चिकटवल्यासारखा नाही, भिंत रचतानाच घातलेला. मी नखानं सांधा चाचपून पाहत होती तर गाइड ओरडला. बरोबरच ओरडला म्हणा. हा भाग जंगलाखालून या शतकातच मोकळा झाला, आणि अजून बराच गड झाडीखालीच आहे. हे सगळं तास-दोन तासांत उरकायचं असेल तर मग बंड्याची ट्रेन काय वाईट?

गाइडचं म्हणाल तर इंका ट्रेलसारखी सक्ती इथं नाही. वाट एकच, चुकायची सोय नाही. प्रवेशाचं तिकीट वाटेतच भेटते, महिने-महिने आधी परमिट काढायची भानगड नाही. मग पैसे कशाचे? खेचरांचे आणि वेळेचे. आमचा खेचरवाला सामान लादताना जनावराच्या डोळ्यांवर कापड टाकायचा, दोर आवळून गाठ मारली की ओढून घ्यायचा, आणि खेचर काही झालंच नाही अशा थाटात चालू लागायचं. आमच्यानंतर निघून आमच्या आधी पोहोचायचे, आम्ही जाईपर्यंत तंबू उभे. गाइड अंधारातच उठवतो, कारण पुलापासून वरच्या मारांपाता वस्तीच्या चढावर दहानंतर सावली नाही. उन्हाचं आपल्याला कौतुक नाही, पण मे महिन्यात दुपारी बारा वाजता सीताबर्डीचा किल्ला कोणी चढते का?

नदीकाठी बारीक माश्या आहेत, तिकडं पुमा वाकाची म्हणतात. चावलेलं कळत नाही आणि मग कित्येक दिवस खाजते. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, आणि पुलाजवळ फोटोसाठी रेंगाळू नका.

जेवणाचं. नुसतं "मीट नको" म्हटलं तर ते प्रेमानं कोंबडी वाढतात. "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो" हे चौघांनीही पाठ करा, आणि सूप कोंबडीच्या पाण्यात शिजवलं का हे वेगळं विचारा. बाकी हाल नाहीत. बटाटा तिकडचाच, मक्याचे दाणे बोराएवढे, किन्वा, चीज, भात. तिखट मात्र आपलं न्या. लसणाची कोरडी चटणी आणि मेतकूट असलं की साधा भातही दोन वेळा मागून घ्याल.

तारखा चांगल्या निवडल्या. मे ते सप्टेंबर कोरडा हंगाम. माचूपिचू जगापुढं आणणारा अमेरिकन हायरम बिंगहॅम तिथं 1911 मध्ये पोहोचला, पण त्याच्या दोन वर्षं आधी तो इथं आला होता, तेही फेब्रुवारीत, भर पावसात. त्याला पर्याय नसेल, तुम्हाला आहे. फक्त 24 जूनला कुस्कोत इंती रायमीचा, म्हणजे सूर्याचा उत्सव असते, हॉटेलं महाग होतात. आणि काचोराच्या फाट्याआधी सायविते लागते, तिथं गाडी थांबवायला सांगा. एकाच मोठ्या दगडावर पायऱ्या, पाट, जनावरं असा अख्खा मुलूख कोरला आहे. एजन्सीच्या यादीत ते बरेचदा नसतेच.

फिजिओ_धंतोली
काकूंनी उंचीचं बरोबर सांगितलं. गुडघ्याबद्दल थोडं. चढताना दम लागतो, गुडघा उतरतानाच भरडला जातो, कारण मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलत असतो. त्याची सवय उतरूनच होते. नागपूर सपाट, फुटाळ्याला रोज पाच किलोमीटर चालून याचा सराव होत नाही. उंच इमारतीत ओळखीचं कोणी असेल तर लिफ्टनं वर जा आणि जिन्यानं उतरा. लोक नेमकं उलटं करतात! रविवारी रामटेक, आणि जमलं तर पचमढीला चौरागडाच्या पायऱ्या पाठीवर सॅक घेऊन. काठ्या दोन घ्या, उतारावर थोड्या लांब करा. गुडघ्याला सूज येत असेल किंवा तो मधेच अडकत असेल तर आधी दाखवून घ्या, मग बुकिंग करा.

दिघोरी_दिल्ली_दिघोरी
कागदपत्रांचं कोणीच बोललं नाही. पेरू आपल्या सरकारच्या यलो फीव्हरच्या यादीत आहे. परत येताना लसीचं पिवळं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. लस निघायच्या किमान दहा दिवस आधी, एकदा घेतली की जन्मभर चालते. ती ठरलेल्या केंद्रांवरच भेटते, तारीख आधी घ्या. अमेरिकेचा किंवा शेंगेनचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल आणि त्याची मुदत सहा महिने बाकी असेल तर पेरूचा वेगळा लागत नाही. नसेल तर दिल्लीच्या दूतावासातून. थेट विमान नाही, त्यामुळे मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का तेही तिकिटाच्या आधी बघा.

मनीषनगरवाला
काकू, तुमचं लिहिलेलं घरी मोठ्यानं वाचायला लावलं. पाच दिवसांचं पक्कं. साळा आतापासूनच "सिन पोयो" म्हणून राहिला, अंड्याचं काय ते विचारते. एक शंका: एजन्सी बसायला एक जादा खेचर घेता का म्हणते. माझा गुडघा पाहता घेऊ का?

खामल्याची_काकू
अंड्याला वेवो म्हणतात, ते भरपूर भेटेल. खेचर घ्या, पण तुमचा गुडघा दुखते उतरताना आणि खेचर कामाचं चढताना. त्या उतारावर त्याच्या पाठीवर बसलं की मान थेट दरीत डोकावते, खेचरवालेही उतरूनच चाला म्हणतात. म्हणून पुलापासून मारांपातापर्यंत आणि शेवटच्या दिवशी कापुलियोकच्या चढावर बसा, पाय उतारासाठी राखून ठेवा. चौघांत एक पुरते. कोटेशनमध्ये सवारीचं खेचर सगळे दिवस सोबत, असं लिहून घ्या, नाहीतर ते दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी गॅस सिलिंडर वाहताना दिसेल. आणि खेचरवाल्याची टिप वेगळी ठेवा, रोख सोलमध्ये, म्हणजे तिकडच्या चलनात, त्याच्याच हातात. तिथं तुमचं यूपीआय चालत नाही.