शब्दचर्चा : 'वांशिक शुद्धीकरण' हा शब्द वापरावा का?

प्रश्न : बोस्नियातल्या १९९२ ते १९९५ च्या युद्धावरचा एक लेख मराठीत आणते आहे. 'एथ्निक क्लेन्झिंग'साठी वर्तमानपत्रांत सर्रास 'वांशिक शुद्धीकरण' छापतात. तो शब्द लिहिताना माझा हात अडखळतो. दुसरा काही आहे का? आणि स्रेब्रेनित्साला काय म्हणावे, नरसंहार की वंशविच्छेद?

प्रतिसाद : हात अडखळतो ते योग्यच आहे. मूळ सर्बो-क्रोएशियन शब्द 'एत्निच्को चिश्चेन्ये'. त्यातल्या 'चिस्त'चा अर्थ स्वच्छ. म्हणजे हाकलणाऱ्याच्या नजरेतून शेजारी हा मळ. मराठीत ते आणखी बिघडते, कारण 'शुद्धीकरण' म्हटले की आपल्याला जलशुद्धीकरण केंद्र आठवते, नाहीतर धार्मिक विधी. दोन्ही चांगली कामे! बोस्नियातल्या प्रियेदोर गावात ३१ मे १९९२ रोजी सर्ब अधिकाऱ्यांनी बिगर-सर्बांना घरांवर पांढरी फडकी लावायला आणि दंडाला पांढरी पट्टी बांधायला फर्मावले. जवळच बिगर-सर्बांना डांबण्याची ओमार्स्काची छावणी होती. याला शुद्धी म्हणायला जीभ वळत नाही.

मी 'वांशिक उच्चाटन' सुचवेन. मंत्रशास्त्रातल्या मारण, मोहन, स्तंभनाच्या पंगतीतले हे उच्चाटन म्हणजे माणसाला त्याच्या ठिकाणावरून उठवून लावणे. अर्थ नेमका बसतो.

प्रतिसाद : जुना अर्थ बसतो, पण आज आपण उच्चाटन कशाचे करतो? दारिद्र्याचे, पोलिओचे. जे नकोच असते त्याचे. म्हणजे शुद्धीकरणातला दोष मागच्या दाराने परत आला. 'विस्थापन'ही नको, त्यात हाकलणारा दिसत नाही. साधे 'हुसकावणे' घ्या.

आता दुसरा प्रश्न, तो जास्त नाजूक आहे. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात बोस्नियन सर्ब सैन्याने आठ हजारांहून अधिक बोस्नियाक, म्हणजे बोस्नियातले मुस्लिम, पुरुष आणि मुलगे मारले. बायका, लहान मुले, म्हातारी माणसे बसमध्ये भरून बाहेर काढली. युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या हेगच्या न्यायाधिकरणाने बोस्नियन सर्ब जनरल क्रस्टिच यांच्या खटल्यात, २००१ मध्ये आणि अपिलात २००४ मध्ये, याला 'जेनोसाइड' ठरवले. पुरुष असे संपवले की त्या पितृसत्ताक समाजाला तिथे पुन्हा उभे राहता येणार नाही, हा न्यायालयाच्या विचारातला एक मोठा मुद्दा होता. आपल्याकडे 'निर्वंश होवो' हा शाप आहे ना, त्यातला 'वंश' अगदी हाच. म्हणून वंशविच्छेद. कायदेपंडित रफाएल लेमकिनने १९४४ मध्ये घडवलेल्या मूळ शब्दातला ग्रीक 'गेनोस' आपल्या 'जन'चा सख्खा नातलग, तेव्हा 'जनसंहार'ही चालेल. 'नरसंहार' कितीही माणसे मारली तरी होतो. एक गट संपवण्याचा हेतू त्यात येत नाही.

आणि वाद नेमका या शब्दावरच आहे. सर्बियाच्या संसदेने मार्च २०१० मध्ये स्रेब्रेनित्सातल्या गुन्ह्याचा निषेध केला, पण ठरावात हा शब्द घेतला नाही. तुम्ही नकळत 'हत्याकांड' लिहिलेत तर एका बाजूची भाषा तुमच्या लेखात शिरते.

प्रश्नकर्ती : मग सर्बांना हुसकावले गेले तिथेही तेच क्रियापद वापरायचे ना?

प्रतिसाद : वापरायलाच हवे. ऑगस्ट १९९५ मध्ये क्रोएशियाच्या 'ओलुया' म्हणजे 'वादळ' मोहिमेत सर्बांच्या ताब्यातल्या क्रायिना भागातून दीड ते दोन लाख सर्ब बाहेर पडले. क्रोएशियात ५ ऑगस्ट हा विजयदिन, सर्बियात ते शोकाचे दिवस. मात्र तिथे कायद्याचा निकाल वेगळा आहे: मोहिमेतले क्रोएशियन जनरल गोतोविना २०१२ मध्ये अपिलात निर्दोष सुटले. तोही लिहा. यासेनोवाचच्या उस्ताशा, म्हणजे क्रोएशियन फॅसिस्टांच्या, छावणीत दुसऱ्या महायुद्धात किती मेले यावरही अशीच ओढाताण आहे. युगोस्लाव्ह काळात सात लाख सांगत. स्मारकाच्या यादीत नावानिशी ८३,१४५ आहेत. आकडा देताना तो कुणाचा, हे सोबत द्या.

प्रश्नकर्ती : शीर्षकातून 'शुद्धीकरण' काढले. पहिले वाक्य आता असे आहे : 'प्रियेदोरमधल्या बिगर-सर्बांना मारले, छावण्यांत डांबले आणि उरलेल्यांना हुसकावून लावले.' स्रेब्रेनित्साला वंशविच्छेद.