लोकवर्गणीतून कातळशिल्पांचं पुस्तक: ३ लाखांपैकी १ लाख १५ हजार जमले, आता काय करावं?

सड्यावरून

रत्नागिरी-राजापूरकडच्या कातळशिल्पांवर मुलांसाठी चित्रपुस्तक करतो आहोत. मजकूर, चित्रं तयार आहेत. पाव क्राउन आकार (साधारण साडेसात बाय दहा इंच), ६४ पानं, चार रंग, १३० जीएसएमचा (चौरस मीटरला १३० ग्रॅम) चकचकीत आर्ट पेपर, पुठ्ठा बांधणी, १,००० प्रती. उद्दिष्ट ३,००,००० रुपये: छपाई-बांधणी १,९०,०००, चित्रकाराचं मानधन ६०,०००, टपाल-पॅकिंग ३०,०००, वेबसाइटचं कमिशन २०,०००.

३० दिवसांपैकी २२ संपले. १४७ जणांकडून १,१५,००० आलेत: ५०० रुपयांचे ११० (पुस्तक), १,२०० चे २५ (पुस्तक आणि पोस्टकार्डं), २,५०० चे १२ (पुस्तक आणि सही केलेली प्रिंट). जेवढे जमतील तेवढे आम्हालाच मिळणार, अशा प्रकारची वेबसाइट आहे. उरलेल्या ८ दिवसांत काय करता येईल? आणि कमीच पडले तर पैसे परत करावेत की जमेल तसं छापावं?

खिळे-छापखाना

आधी हातात किती येणार ते बघा. कमिशन ५ टक्के आणि ऑनलाइन पैसे घेण्याचं शुल्क (गेटवे) ३ टक्के धरलं तर ९,२०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १,६५६. राहिले १,०४,१४४. १४७ पार्सलं, प्रत्येकी ६० रुपये धरून ८,८२०. पोस्टकार्डं आणि प्रिंटचे पाचेक हजार. मानधन ६०,०००. छपाईला उरले जेमतेम ३० हजार. एवढ्यात १,००० प्रतींचं ठरलेलं पुस्तक होणार नाही. स्वतःच्या कार्डावरून भर घालून आकडा फुगवू नका. तसं केलंत तर १,००० प्रतींचा शब्द गळ्यात पडतो आणि पैसे तेवढेच राहतात.

पण १,००० ऐवजी ३०० प्रती आणि कमी रंग घेतले तर पुस्तक होऊ शकतं. तुमच्या विषयाला चार रंग लागतातच असं नाही. कशेळीच्या कातळावर कोरलेला हत्ती घ्या: भलीमोठी बाह्यरेषा आणि तिच्या पोटात कोरलेले इतर प्राणी. सगळा खेळ रेषेचा. काळा आणि जांभ्याचा तांबडा, असे दोनच रंग घ्या. तांबडा चार रंगांतून न काढता स्पेशल शाई म्हणून मिसळून घ्यायचा.

हिशोब असा: २० × ३० इंची कागदावर पाव क्राउनची १६ पानं बसतात, म्हणजे ६४ पानांचे ४ फॉर्म (छापायचे मोठे कागद), ८ बाजू. प्रत्येक बाजूला प्रत्येक रंगाची एक प्लेट लागते. चार रंगांना ३२ प्लेटा, दोन रंगांना १६. प्लेटांचा खर्च ३०० प्रती काढा की १,०००, तेवढाच. मशीन लावतानाचा वाया जाणारा कागदही प्रती कमी केल्या म्हणून कमी होत नाही. म्हणून छोट्या आवृत्तीत प्लेटा कमी करण्याला फार मोल आहे.

कागद १०० जीएसएम मॅपलिथो (चकाकी नसलेला साधा कागद), बांधणी सेंटर पिन (घडीवर मधोमध पिना). या बांधणीत आतली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये २-३ मिलिमीटर जातात, तेव्हा बाहेरचा समास निदान १२ मिलिमीटर ठेवा. मॅपलिथो शाई पितो, तांबडा काळपट दिसतो. प्रूफ (छपाईआधीचा नमुना) त्याच कागदावर मागा, चकचकीत कागदावरचं डिजिटल प्रूफ इथे फसवतं. काळ्या रेषा तांबड्यावर ओव्हरप्रिंट करा, म्हणजे खालचा तांबडा न कापता त्याच्यावरूनच छापा, नाहीतर रंग किंचित हलला तरी कडेला पांढरी केसरेषा दिसते. रेषा आणि रंग वेगळ्या लेयरवर असतील तर चित्रांचं काम थोडक्यात होईल. हाताने रंगवलेली चित्रं असतील तर एक पान आधी करून बघा.

आणखी एक फायदा. या कागदाच्या ६४ पानांचं वजन साधारण १५५ ग्रॅम. कव्हर आणि पाकीट धरूनही ३०० ग्रॅमच्या आत. पुठ्ठा बांधणी आणि १३० जीएसएममध्ये ती मर्यादा ओलांडली असती. टपाल खात्याच्या ज्ञान पोस्ट या पुस्तकं पाठवायच्या सेवेचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आहे, कर वेगळा. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव हवं. आत जाहिरात चालत नाही, म्हणून मागच्या कव्हरवर प्रायोजकाची जाहिरात घेऊ नका. तुमचं पुस्तक त्यात बसतं का, हे एक डमी घेऊन जाऊन पोस्टात विचारा.

अंजनवेल

उरलेल्या ८ दिवसांसाठी नवा, छोटा आकडा जाहीर करा. आणखी ३०,००० आले तर कमिशन आणि नवी पार्सलं वजा जाता २३-२४ हजार हाती येतील, आणि आधीचे ३० हजार धरून ३०० प्रतींच्या छपाईसाठी ५३-५४ हजार होतील. ३०,००० म्हणजे ५०० रुपयांची ६० पुस्तकं, दिवसाला ७-८.

वर्गणी सुरुवातीच्या आणि शेवटच्या दिवसांत येते, मधले दिवस कोरडे जातात. २२व्या दिवसाच्या आकड्यावरून खचू नका. पण सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज टाकून काही येत नाही. १४७ जणांना एकेकाला लिहा:

"पुस्तक १,००० ऐवजी ३०० प्रतींचं, चार ऐवजी दोन रंगांत, साध्या बांधणीत करत आहोत. सोबत नव्या पानाचा नमुना आहे. हे मान्य नसेल तर ७ दिवसांत कळवा, पूर्ण पैसे परत करू. मान्य असेल तर हे पुस्तक आवडेल अशा एका माणसाला आमचा निरोप द्या."

यात माफीचे चार परिच्छेद घालू नका. लोकांना काय बदललं आणि आपल्या पैशांचं काय होणार, एवढंच हवं असतं. 'पूर्ण' म्हणजे पूर्ण, कापलेलं कमिशन तुम्ही सोसायचं.

यादी आधी, मोहीम नंतर, हे पुढच्या वेळी लक्षात ठेवा. १९७६ च्या 'मंथन' चित्रपटाला गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले, तेव्हा त्यांच्या दूध सोसायट्यांचं जाळं आधीपासून उभं होतं.

सड्यावरून

दोन रंगांचं एक पान करून बघतो. चित्रकार म्हणतोय, माझं मानधन नको, ते छपाईला घाला. घ्यावं का?

खिळे-छापखाना

घेऊ नका. कागदवाला, बाइंडर, पोस्ट सगळ्यांना पूर्ण पैसे आणि चित्रांच्या पुस्तकात चित्रकारालाच शून्य, हे बरोबर नाही. फार तर दोन हप्ते करा: ३०,००० आता, ३०,००० वर्गणीदारांना देऊन उरलेल्या ९०-एक प्रती विकताना. त्याने दुसऱ्या हप्त्याचे ३०,००० आता छपाईला मोकळे होतात. हप्त्यांच्या तारखा आणि मूळ चित्रांचा हक्क कोणाकडे, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. प्रती विकल्या गेल्या नाहीत तरी दुसरा हप्ता द्यायचाच आहे, हेही त्यात असू द्या.

जमाखर्च

पैशांच्या दोन गोष्टी आताच नीट करा.

पुस्तकाच्या बदल्यात आलेले पैसे विक्री म्हणून दाखवा, पावती द्या. काहीच न घेता नातेवाईक नसलेल्यांनी दिलेले पैसे वर्षात ५०,००० च्या वर गेले की सगळीच रक्कम करपात्र होते. आणि व्यक्तीला दिलेल्या पैशांवर ८०जी (देणगीवरची आयकर सवलत) मिळत नाही, तसं कुठे लिहिलं असेल तर काढा.

अमेरिकेतल्या मंडळींकडे मागणार असाल तर भारतीय पासपोर्ट असलेल्यांचा प्रश्न नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांकडून मात्र देणगी घेऊ नका, तो परदेशी निधी ठरू शकतो. त्यांना रीतसर बिल करून पुस्तक विका, आणि आधी सीएंना विचारा.

शिवाय वेबसाइटच्या डॅशबोर्डवर पान किती जणांनी पाहिलं ते बघा. २,००० जणांनी पाहून १४७ जणांनी दिले असतील तर पान उत्तम आहे, ते पुरेशा लोकांपर्यंत गेलंच नाही. २०,००० जणांनी पाहिलं असेल तर अडचण पानात किंवा किमतीत आहे. मला ५०० आणि १,२०० मधली उडी मोठी वाटते. ७५० ला दोन प्रती, एक घरी आणि एक गावच्या शाळेला, असा पर्याय आजच टाका. दोन प्रतींचं पार्सल ३०० ग्रॅमच्या वर जाईल, त्याचं टपाल वेगळं धरा.