किर्केगार्ड आणि मेन्शियस: दोघंही 'आत बघा' म्हणतात, मग मोउ त्सुंगसान यांचा आक्षेप कशावर?

प्रश्न
आधुनिक कन्फ्यूशियन विचारवंत मोउ यांची 'चिनी तत्त्वज्ञानाची वैशिष्ट्ये' (१९६३) ही १२ व्याख्यानं वाचतोय. डॅनिश ख्रिस्ती विचारवंत किर्केगार्डला सत्य आत्मनिष्ठेत सापडतं, कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या प्राचीन मेन्शियसला मनातल्या सद्गुणांच्या अंकुरांत. इतकं जवळ असूनही मोउ किर्केगार्डला वेगळ्या रांगेत का बसवतात?

प्रतिसाद १
कारण आत गेल्यावर दोघांना सापडतं ते निराळं. मेन्शियसच्या ग्रंथातला उतारा २अ६ पुन्हा वाचा. मूल विहिरीत पडतंय असं दिसताच कुणाच्याही काळजात धस्स होतं. त्यात आईबापांची मर्जी नाही, गावात नाव व्हावं हा हेतू नाही. म्हणजे करुणा आधीच आहे, ती फक्त जोपासायची. त्याच्या शेजारी किर्केगार्डचं 'फिलॉसॉफिकल फ्रॅगमेंट्स' (१८४४) ठेवा. तिथे शिकणारा स्वतःच्याच दोषामुळे असत्यात आहे आणि सत्य ओळखण्याची पात्रतासुद्धा देवाने द्यावी लागते.

मोउ म्हणूनच धर्माचा उगम भयात दाखवतात, त्यासाठी किर्केगार्डच्या भयविषयक ग्रंथाचं नाव घेतात आणि समोर चिनी विचारवंत शू फुग्वान यांची 'चिंतेची जाणीव' ठेवतात. ही चिंता जबाबदार माणसाची. कन्फ्यूशियसला ('अ‍ॅनालेक्ट्स' या त्याच्या वचनसंग्रहात, ७.३) काळजी कशाची, तर सद्गुण जोपासला जात नाही, विद्येची चर्चा होत नाही याची. त्यात पापाची भीती कुठेच नाही.

प्रतिसाद २
यात एक भर. बायबलमधला अब्राहम देवाच्या आज्ञेवरून स्वतःच्या मुलाचा, इसहाकचा, बळी द्यायला निघतो; त्याच्यापाशी हमखास घोटाळा होतो. 'अ‍ॅनालेक्ट्स' १३.१८ मध्ये बापाने मेंढी चोरली तर मुलाने ते झाकावं, सचोटी त्यातच आहे, असं कन्फ्यूशियस म्हणतो. ते वाचून लोक लगेच म्हणतात, मग अब्राहम सरळ गुन्हेगार! पण हा आक्षेप होऊच शकत नाही. नीतीच्या भाषेत अब्राहम इसहाकचा खून करायला निघाला होता, हे किर्केगार्डच्या 'फिअर अँड ट्रेम्बलिंग'मध्येच (१८४३) लिहिलंय. तिथला ग्रीक राजा आगामेम्नॉनचा भाग टाळू नका: तो मुलीचा बळी राष्ट्रासाठी देतो, त्यामुळे लोक त्याच्यासाठी रडू शकतात. अब्राहमला कुणालाच काही समजावता येत नाही. खरा प्रश्न इथे आहे. ज्याच्याबद्दल १७.१९ मध्ये 'आकाश कुठे बोलतं?' असं विचारलंय, ते आकाश (म्हणजे चिनी परंपरेतली सर्वोच्च सत्ता) एकट्या माणसाला नात्याविरुद्ध आज्ञा देईल का? माझ्या मते कन्फ्यूशियन चौकटीत याला जागाच नाही.

प्रतिसाद ३
मोउ झाल्यावर चिनी विचारवंत ल्यू श्याओफंग यांचं 'तारण आणि स्वैरविहार' (१९८८) घ्या, आधी नको. दोस्तोयेव्स्की, शेस्तोव्ह या रशियन लेखकांच्या बाजूने उभं राहून ते उलट सवाल करतात: प्राचीन चिनी कवी छ्यू युआनने नदीत जीव दिला, तेव्हा परंपरेकडे त्याच्या निराशेला काय उत्तर होतं? ताओवादी विचारवंत च्वांगत्सूच्या अलिप्ततेवर हा वार वर्मी बसतो. मेन्शियसवर तितका बसत नाही, असं माझं मत.