आईबाबा मालेगावहून येतायत, बडोद्यात राजवाडा सोडून काय काय दाखवू?

गोत्रीची_नवी

नमस्कार मंडळी, मला बडोद्यात येऊन आठ महिने झाले, नोकरीपायी आले, गोत्रीला राहते आणि खरं सांगायचं तर ऑफिस, घर आणि मॉल यापलीकडे गाव पाहिलंच नाही. आता डिसेंबरात आईबाबा येतायत तीन दिवसांसाठी. बाबा रिटायर्ड शिक्षक, इतिहासाचे. आमचं गाव मालेगाव तालुक्यात, कवळाण्यापासून जवळच, त्यामुळे बडोद्याचे महाराज सयाजीराव म्हणजे बाबांच्या लेखी "आपल्या गावाकडचा पोरगा", लहानपणापासून ऐकत आलेय मी ते. ऑफिसात विचारलं तर सगळे म्हणतात राजवाडा बघा आणि दुसऱ्या दिवशी स्टॅच्यू ऑफ युनिटीला जा, संपलं. पण बाबांना ब्रिटिशांच्या काळातलं, गायकवाडांचं शहर बघायचंय, आणि तेही चालत. आईचे गुडघे दुखतात त्यामुळे फार पायऱ्या नकोत. आणि खायचं कुठे? आईला गोड वरण चालत नाही, आधीच बजावून ठेवलंय तिने. इथल्या जुन्या मराठी लोकांनी जरा सांगा ना.

रावपुऱ्याचे_आजोबा

बाळ, तुझ्या बाबांना आधी माझा नमस्कार सांग. माझा जन्म दांडिया बाजारचा, शिक्षण मराठी शाळेत आणि सत्तर वर्षं घरात मराठी बोलतोय, फक्त भाजीला शाक म्हणतो आणि जमत नाही म्हणायच्या ऐवजी "फावत नाही" म्हणतो, एवढं सहन करून घे.

गोष्ट कुठून सुरू होते ते आधी समजून घ्या म्हणजे फिरताना मजा येईल. १८७४ मध्ये रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रजांचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप तेव्हाच्या मल्हारराव महाराजांवर आला, चौकशी झाली आणि १८७५ मध्ये इंग्रजांनी त्यांना गादीवरून काढलं. मग आधीच्या खंडेराव महाराजांच्या विधवा जमनाबाई साहेबांनी दत्तक घ्यायला मुलं पाहिली आणि कवळाण्याचा गोपाळराव निवडला, बारा वर्षांचा, ज्याला तेव्हा नीट लिहितावाचताही येत नव्हतं. तोच पुढे सयाजीराव. त्याला शिकवायला इलियट साहेब आला, दिवाण म्हणून सर टी. माधवराव आले, आणि १८८१ मध्ये राज्यकारभार पूर्ण त्याच्या हातात गेला. त्याच पोराने १८९३ मध्ये अमरेलीकडे सक्तीचं मोफत शिक्षण करून पाहिलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात लागू केलं. मुंबई इलाक्यात तेव्हा असा कायदा नव्हता. बाबांना हे माहीत असणारच, पण आईलाही सांग, वाटेत.

आता फिरायचं. सकाळी मांडवीला रिक्षा सोडा. चार दिशांना चार दरवाजे, लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट, मध्ये मांडवी. इथेच विठ्ठलमंदिर आहे, कार्तिकी एकादशीला विठोबाचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, निघतो आणि गायकवाड घराण्यातले लोक येऊन पूजा करतात. त्या दिवशी पंढरपुरात गर्दी आणि इकडे गुजराती बायकासुद्धा रस्त्याच्या कडेला हात जोडून उभ्या, मला तर दरवर्षी डोळ्यात पाणी येतं. डिसेंबरात ते हुकणार, काय करता.

मांडवीजवळच सेंट्रल लायब्ररी. अजिबात चुकवू नका. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला, आणि गावोगाव पेट्यांतून पुस्तकं पाठवायची पद्धत बसवली. इमारतीत पुस्तकांची लोखंडी कपाटं आहेत आणि मजल्यांची फरशी जाड काचेची आहे, म्हणजे वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोहोचावा. मी लहान असताना खाली उभा राहून वर बघायचो, कुणाच्या तरी चपलांचे तळवे अंधुक दिसायचे. इतकी जुनी इमारत, पण काच अजून आहे. बघायचं तर आत विचारून घ्या, सगळं सगळ्यांना उघडत नाहीत.

तिथून लहेरीपुऱ्याकडे या. न्यायमंदिर बाहेरून बघा, आधी ते मार्केट म्हणून बांधलेलं, मग तिथे कोर्ट भरलं, आता कोर्टही दुसरीकडे गेलं. मग सूरसागर, काठावर बसा, आईंचे गुडघे जरा मोकळे होतील. जवळच संगीत शाळेची इमारत, १८८६ साली मौलाबक्ष यांच्याकडे सोपवलेली गायनशाळा ती हीच, पुढे फैयाज खांसाहेबही बडोद्याच्या दरबारात होते. शेवटी दांडिया बाजार.

पोटभर_बडोदा

आजोबा थांबले म्हणून मी घुसते. आईंच्या गोड वरणाची काळजी सोडा, इथे तिखटाचीही सोय आहे, नाव आहे सेव उसळ.

महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक पाहुणा पहिल्यांदा "अगं ही तर मिसळच" म्हणतो, आणि आम्ही बडोदेकर लगेच भडकतो. मिसळ नाही ही. पांढऱ्या वाटाण्याची पातळ उसळ, उकळती, वर मूठभर शेव, हिरवी कांद्याची पात, बाजूला लसणीची लालभडक तरी एका वाटीत, तरी आपण आपल्या हिमतीने घालायची, आणि पाव. शेव भिजून मऊ पडायच्या आत खायचं, गप्पा नंतर. रस्सा परत मागा, लाजू नका. कीर्तिस्तंभाजवळ महाकाली सगळ्यांना माहीत आहे, संध्याकाळी तिथे गाड्या लावायला जागा नसते, पण पाच-सहाला गेलात तर बसायला मिळेल. आईंना सांगा तरी अर्धीच घाला, पहिल्या दिवशी. आणि मिसळच हवी असेल तर दांडिया बाजारात पूना मिसळ या नावाने मिळते, म्हणजे पुणेरी इथे येऊन वेगळ्या पाटीवर राहतात बघा.

घरी न्यायला लीलो चिवडा, म्हणजे बटाट्याचा कीस आणि हरभऱ्याची डाळ, ओलसर, आंबटगोडतिखट. पोह्यांचा चिवडा डोक्यातून काढून टाका मगच तोंडात टाका, नाहीतर पहिल्या घासाला बिघडला की काय असं वाटतं (माझ्या नाशिकच्या जाऊबाईंनी अख्खं पाकीट परत दिलं होतं, मग दुसऱ्या दिवशी मागून घेतलं). जगदीशचा सगळीकडे मिळतो. दुलीरामचे पेढे रावपुऱ्यात, दुपारी ताजे. भाकरवडी बडोद्याची चांगली की पुण्याची हा वाद कृपया इथे सुरू करू नका, मागच्या वेळी धागा बंद करावा लागला होता.

डिसेंबर म्हणजे वांग्याचं भरीत, ते इथे ओळो, आणि बाजरीचे रोटले, हायवेच्या बाजूच्या धाब्यांवर. उंधियुची सुद्धा सुरुवात झालेली असते. आणि एक, हे गुजरात आहे, दारूबंदी, बाबांना सवय असेल तर आधीच सांगून ठेवा :)

वडाखालचा

सगळं छान लिहिलंय पण कमाटी बाग, म्हणजे सयाजी बाग, कुणीच म्हणालं नाही. १८७९ ची बाग, विश्वामित्रीच्या काठाला, म्युझियम १८९४ चं, त्यात इजिप्तची ममी आहे, देवमाशाचा सांगाडा आहे, सगळं एकाच इमारतीत आणि लहान मुलासारखं बघत बसावं असं. नदीत मगरी आहेत, खोटं नाही, २०२४ च्या पुरात रस्त्यांवर आल्या होत्या. पुलावरून बघा, खाली उतरू नका.

पण मला सांगायचंय ते दुसरं. याच बागेत वडाच्या झाडाखाली आंबेडकर बसले होते. महाराजांनी त्यांना १९१३ मध्ये शिष्यवृत्ती देऊन कोलंबियाला पाठवलं, कराराप्रमाणे १९१७ मध्ये ते बडोद्याच्या नोकरीत आले, आणि या शहरात त्यांना राहायला घर मिळालं नाही. पारशी धर्मशाळेत राहिले, तिथून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. मग ते या वडाखाली येऊन बसले. वडाच्या त्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात. सयाजीरावांचं कौतुक करतो तेव्हा हेही सांगायला हवं असं मला वाटतं, राजा पुढारलेला होता आणि गाव तेवढं नव्हतं. इतिहासाच्या मास्तरांना घेऊन जाताय ना, मग इथे नेऊन बसवाच.

रावपुऱ्याचे_आजोबा

वडाखालचा यांचं बरोबर आहे, आमच्या लहानपणी शाळेत हे कुणी सांगितलं नाही, मोठेपणी कळलं. दुरुस्त करून घेतो.

तांबेकर वाड्याचं लिहायचं राहिलंच. दांडिया बाजारातून आत वळलं की पुरातत्त्व खात्याची निळी पाटी दिसेल. भाऊ तांबेकर संस्थानचे दिवाण होते, त्यांचा लाकडी वाडा. बाहेरून काहीच वाटत नाही, वर गेलं की भिंती, छत, कपाटांची दारं सगळं रंगवलेलं. कृष्णलीला, रामायण, आणि मध्येच इंग्रज-मराठ्यांची लढाई, टोपीवाले शिपाई आणि पागोटेवाले एकाच भिंतीवर. एका खिडकीशेजारी गोरी बाई उभी आहे, बहुतेक चित्रकाराने जवळून बाई पाहिलेली नसावी, चेहरा पार आपल्याकडच्या देवीसारखा आणि अंगात झगा. जिना अरुंद आणि उंच आहे, आईंना खाली बसवावं लागेल. कधी उघडा असतो कधी नाही, दुपारच्या आत जा.

आर्किटेक्ट_अलकापुरी

लोक राजवाडा टाळा टाळा म्हणतात ते मला पटत नाही. लक्ष्मीविलास बघाच, पण दुपारी नको, सकाळी पहिल्या तासात. मेजर चार्ल्स मँट याने आराखडा केला, तो इमारत पुरी व्हायच्या आधीच वारला, गावात सांगतात की गणित चुकलं आणि वाडा कोसळणार या धसक्याने त्याने जीव दिला. पुढे रॉबर्ट चिझम या दुसऱ्या आर्किटेक्टने १८९० मध्ये पुरा केला आणि वाडा जागेवर उभा आहे. राजपूत छत्र्या, मुसलमानी घुमट, युरोपी खिडक्या, एकाच भिंतीवर तीन देश. दरबार हॉलची रंगीत काच आणि मोझेकची जमीन बघायला मान वरखाली करून दुखते. आत फोटो काढू देत नाहीत, ऑडिओ गाइड घ्या. त्याच आवारात फत्तेसिंहराव म्युझियम, रविवर्म्याची मूळ चित्रं तिथे. सोमवारी बंद, लक्षात ठेवा.

आणि कीर्ती मंदिर. गायकवाडांचं स्मारक, भिंतींवर नंदलाल बोसांची मोठी चित्रं, गंगावतरण, महाभारत, मीरा. तिथे तुम्हाला गर्दी सापडणार नाही. पायऱ्या आहेत पण झेपतील.

गोत्रीची_नवी

आले आणि गेले! लिहायचं राहून गेलं होतं.

सोमवारीच पोचलो आम्ही, म्हणजे म्युझियम बंद, मी सगळं वाचूनही तेच केलं. मग मांडवीपासून सुरुवात केली, रिक्षावाल्याने लहेरीपुऱ्याला सोडायच्या ऐवजी भलत्याच बाजाराला सोडलं आणि वर जास्त पैसे घेतले, आईने त्याच्याशी मराठीत भांडण केलं, तो गुजरातीत भांडला, दोघांनाही सगळं कळत होतं.

लायब्ररीत बाबांनी काचेच्या फरशीवर बूट काढून ठेवले. कुणी सांगितलं नव्हतं. म्हणाले, खाली पुस्तकं आहेत. तिथल्या माणसाने हसून बूट घाला म्हटलं तरी घातले नाहीत, मोज्यावरच फिरले.

तांबेकर वाड्यात आई खाली बसणार होती पण हट्टाने चढली, वर जाऊन ती झगेवाली देवी बघून म्हणाली ही आपली पुतळामावशी. त्यानंतर दोन दिवस आमच्या घरात तिचं तेच नाव चाललंय.

वडाखाली बराच वेळ बसलो. बाबा काही बोलले नाहीत, मग उठताना म्हणाले गावी गेल्यावर कवळाण्याच्या शाळेत एकदा बोलतो मुलांशी, दोन्ही सांगतो.

सेव उसळीत आईने तरी पूर्ण घातली. नाकातून पाणी, डोळ्यातून पाणी, आणि रस्सा तीनदा मागितला. लीलो चिवड्याबद्दल मात्र तिचं मत पक्कं आहे, बिघडलेला. मी दिलेल्या दोन पाकिटांपैकी एक तिने शेजारच्यांना देऊन टाकलं आणि काल फोन करून विचारते, ते ओलसर काय होतं, अजून आहे का.