राजीनामा दिला म्हणून शेवटचा पगार अडकवायचा?

मरोळकर:
जानेवारीत एका कंपनीतला राजीनामा दिला. महिनाभराची नोटीस पूर्ण केली. शेवटच्या दिवशी लॅपटॉप, आयकार्ड, ड्रॉवरची किल्ली जमा करून कागदावर सही घेतली. आता अडीच महिने होतील, पगाराचा पत्ता नाही. दर शुक्रवारी एचआरला मेल टाकतो, उत्तर एकच, "फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब) प्रोसेसमध्ये आहे." दहा तारखेला घरभाडं द्यावंच लागतं. केलेल्या कामाचा पगार अडकवणं हा सरळसरळ अन्याय आहे.

छापखानावाला:
तुमचं खरं असेल, पण आमचंही ऐका. लोअर परळच्या गाळ्यात माझा छापखाना, पाच माणसं. ऐन दिवाळीआधी मशीनवरचा मुलगा सोमवारी आलाच नाही. मंगळवारी व्हॉट्सअ‍ॅपवर राजीनामा. कॅलेंडरची ऑर्डर अर्धी छापून पडलेली. दुप्पट रोज देऊन बाहेरचा माणूस आणला. वर त्याची गणपतीची आठ हजारांची उचल बाकी. पगार हातात दिला असता तर तो पुन्हा फिरकला असता का? मी तो थांबवला, आणि चुकलो असं मला वाटत नाही.

ठाण्याची ताई:
दादा, नुकसान झालं हे मान्य. पण त्याआधी त्याने जे दिवस मशीन चालवलं, त्याचे पैसे त्याचेच ना? उचल कापा, तेवढी मुभा कायदा देतो. मात्र सगळी कपात मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाता येत नाही. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिच्या १७ व्या कलमात राजीनाम्यानंतरही कामाच्या दोन दिवसांत पगार द्यायला सांगितलंय. १९३६ च्या जुन्या वेतन कायद्यात ही मुदत फक्त मालकाने काढून टाकलं तर होती. 'शेवटच्या हिशेबाला पंचेचाळीस दिवस लागतातच' ही कंपन्यांची सवय त्यातूनच लागली असं मला वाटतं.

छापखानावाला:
दोन दिवसांत ओव्हरटाइम, रजा, उचल जुळवायला माझ्याकडे वेगळा अकाउंटंट नाही. कायदा करणाऱ्यांनी गाळ्यात येऊन बघावं.

ठाण्याची ताई:
हजेरीचं रजिस्टर तर तुमच्याच टेबलावर असतं. महिनाअखेरीला जो हिशेब जमतो, तो माणूस गेल्यावर का जमू नये?

कांदिवलीहून:
मरोळकर, तक्रारीच्या फंदात पडू नका. नवी कंपनी जुन्या एचआरला फोन करते, रिलिव्हिंग लेटर (कामातून मोकळं केल्याचं पत्र) अडकलं तर पस्तावाल.

मरोळकर:
ही भीती मलाही आहे, म्हणूनच इतके शुक्रवार नुसते मेल टाकत बसलो. पण याच भीतीवर त्यांचं निभावतं.

ठाण्याची ताई:
बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) कामगार भवन, म्हणजे कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे अर्ज द्या. दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, आणि पगार दिल्याचा पुरावा मालकाला द्यावा लागतो. थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाईही लावता येते.

मरोळकर:
ऑफर लेटर, बँकेचं स्टेटमेंट आणि तो सहीचा कागद फाइलला लावलाय. सोमवारी जातो.