फॉस्फो-ईआरकेची अँटीबॉडी कुठली घेऊ?

हेलावाली_पुणे: पीएचडीचं दुसरं वर्ष. एनसीसीएसमधून (इथली पेशी-बँक) आणलेल्या हेला पेशींना (माणसाच्या कर्करोगाच्या पेशी) ईजीएफ (वाढीचा संदेश देणारं प्रथिन) देऊन ईआरके १/२ चं फॉस्फोरिलेशन, म्हणजे या संदेशवाहक प्रथिनांवर फॉस्फेट चढणं, बघायचंय. फक्त वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं जेलवर वेगळी करून अँटीबॉडीने ओळखणं). बजेट २० हजार, वर एक रुपया नाही. ग्रँट मार्चअखेर संपतेय. फ्रीजमध्ये अँटी-माउस सेकंडरी (उंदराच्या पहिल्या, म्हणजे प्रायमरी अँटीबॉडीला चिकटून रेघ दाखवणारी दुसरी) भरपूर आहे, सशाच्या प्रायमरीला लागणारी अँटी-रॅबिट संपलीय. सुचवा.

जेल_फाटलं: सेल सिग्नलिंग कंपनीची ४३७० नंबरची, डोळे मिटून. सशाची मोनोक्लोनल (सगळी एकाच प्रकारची अँटीबॉडी). ४४ आणि ४२ किलोडाल्टनच्या (ईआरके १ आणि २) दोन रेघा अशा सुट्या येतात की आमच्या सरांनीही खोट काढली नाही. बजेट वाढवून घ्या.

काढा_प्रेमी: 'अर्क' म्हणता ना तुम्ही लोक याला? मला आयुर्वेदाचा धागा वाटला. असो, आमच्याकडेही ४३७०च.

रिकामी_लेन: पॉलिक्लोनल (अनेक अँटीबॉडींचं मिश्रण) तेवढी नको! आमची पहिली लॉट झकास होती. दुसऱ्या लॉटला ५५ च्या आसपास जाडजूड पट्टा, तीन महिने पाण्यात. कंपनीला फोटो पाठवले तर उत्तर आलं, 'कंडिशन ऑप्टिमाइझ करा.' आणि ब्लॉकिंगला (ब्लॉटवरच्या मोकळ्या जागा झाकायला) दूध वापरू नका हो, केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे.

दूधवाला: दहा वर्षं दुधातच ब्लॉक करतोय. प्रायमरी तेवढी ५ टक्के बीएसएत (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन). काही बिघडत नाही.

रिकामी_लेन: तुमचं नशीब.

दूधवाला: नशीब नाही, टीबीएसटीचे (ब्लॉट धुवायचं बफर) नीट वॉश.

निवृत्त_पिपेट: अँटीबॉडीला शिव्या देण्याआधी लायसिस बफर (पेशी फोडायचं द्रावण) बघा. त्यातलं व्हॅनाडेट (फॉस्फेट काढणारी एन्झाइम्स रोखतं ते) पीएच १० ला आणून, पिवळेपणा जाईपर्यंत उकळून घेतलंय का? आमच्या एका पोराने तसंच टाकलं आणि सगळा ब्लॉट कोरा. पेशी रात्रभर सीरमशिवाय ठेवा, मग ईजीएफ ५ मिनिटं, लगेच बर्फावर. एक लेन यू०१२६ ची (ईआरकेवर फॉस्फेट चढवणारं मेक हे एन्झाइम बंद करणारं रसायन) हवीच. मेक बंद केल्यावरही रेघ तशीच राहिली तर ती तुमची नाही. शेजारी टोटल ईआरकेही (फॉस्फेट असो-नसो, सगळं) लावा.

रिकामी_लेन: सर, बफरमधलं अझाइडही (जंतू वाढू नयेत म्हणून घालतात ते) सांगा. एचआरपी, म्हणजे सेकंडरीवरचं रेघ उमटवणारं एन्झाइम, मारतं.

कुरिअर_पीडित: कुठलीही घ्या, पण शुक्रवारी डिस्पॅच करू देऊ नका. आमचा खोका गणपतीच्या सुट्टीत तीन दिवस गेटवर, आत बर्फाचं कोमट पाणी. (ग्लिसरॉलमुळे बहुतेक, चालली तरी. वैताग झालाच ना!)

जेल_फाटलं: ४३७० चा २० मायक्रोलीटरचा छोटा पॅकही मिळतो. १:२००० ने पुरेल.

हेलावाली_पुणे: सगळ्यांचे आभार. उंदराची मोनोक्लोनल मागवली. सशाची घेतली तर सेकंडरीही घ्यावी लागली असती, आणि पुन्हा तीन कोटेशन्सच्या मागे धावायची ताकद नाही. सर, व्हॅनाडेट आजच उकळलं, आमचं पिवळंधमक होतं!

जेल_फाटलं: मग विचारलंत कशाला?

काढा_प्रेमी: ताई, तुमच्या अँटी-माउसमधली थोडी मिळेल का? पाषाणलाच आहे, बर्फ घेऊन येतो.