चर्चा: मोकळ्या रस्त्यावर वेगमर्यादा पाळायची, की रस्ता बघून ठरवायचं?

वाटसरू_सिडको

वेगाच्या ई-चलनांचा विषय निघाला की नाशिकमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "रस्ता मोकळा होता, गाडी कंट्रोलमध्ये होती, मग दंड कसला?" मर्यादा नवशिक्यांसाठी असते, ज्याचा हात बसलाय त्याने रस्ता बघून वेग ठरवावा, असा त्यामागचा समज. मला तो अजिबात पटत नाही. का, ते आकड्यांत मांडतो.

६० ने जाणारी गाडी सेकंदाला १६.७ मीटर पळते. समोर काहीतरी आलंय हे कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा. तेवढ्यात २५ मीटर गेले. कोरडं डांबर, चांगले टायर आणि ब्रेक पूर्ण दाबलेला असेल, तर थांबायला आणखी २० मीटर. एकूण ४५.

आता ८० ने येणारी गाडी घ्या. दीड सेकंदातच ३३ मीटर संपले. त्याच ४५ मीटरवरच्या अडथळ्यापर्यंत ब्रेक लागायला १२ मीटर उरतात, आणि गाडी आदळते तेव्हा वेग असतो ताशी ६५ च्या आसपास. ६० वाला जिथे थांबला, तिथेच ८० वाला ६५ ने धडकला. पावसात ओल्या रस्त्यावर तर ६० वाल्यालाच थांबायला साधारण ६० मीटर लागतात.

हात कितीही बसलेला असो, दीड सेकंदाचा अर्धा सेकंद होत नाही. आणि या सगळ्याच्या बदल्यात मिळतं काय? गरवारे पॉइंट ते के. के. वाघ हा उड्डाणपूल जेमतेम सहा किलोमीटरचा. ६० ने सहा मिनिटं, ८० ने साडेचार. वाचलेलं दीड मिनिट खाली उतरल्यावर पहिल्या सिग्नलला जातं.

टॉपगिअर

गणिताबद्दल वाद नाही. वाद आहे तो फलकावरचा आकडा आला कुठून याबद्दल.

केंद्राच्या ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत मोटारगाडीसाठी कमाल वेग द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १००, महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर ७० असा दिला आहे. याच्या खालचा आकडा लावायचा अधिकार राज्याला आणि स्थानिक यंत्रणेला आहे. कबूल. पण तो लावताना त्या पट्ट्यावर गाड्या प्रत्यक्षात किती वेगाने जातात हे मोजायला हवं. वाहतूक अभियांत्रिकीत त्यासाठी ८५ टक्क्यांचा नियम वापरतात: मोकळ्या वाहतुकीत शंभरातल्या ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत असतात, त्याच्या आसपास मर्यादा ठेवायची. बहुतेक लोक आपणहून शहाणपणानेच चालवतात, हे त्यात गृहीत आहे. आपल्याकडे काय होतं? काम चालू असताना ठेकेदाराने ३० चा फलक लावला, काम संपलं, फलक तिथेच. थोडं पुढे ८०. मध्ये झाडामागे झाकलेला एक. असे चार फलक खोटे निघाले की पाचव्या खऱ्या फलकावरही कोणाचा विश्वास राहत नाही. नियम मोडायची सवय ड्रायव्हरला लागत नाही, ती लावली जाते.

दुसरं, अतिवेगाची आकडेवारी. २०२२ च्या केंद्राच्या अहवालात देशात १,६८,४९१ मृत्यू आणि त्यातले ७१.२ टक्के अतिवेगामुळे, असं आहे. ही नोंद पोलिसांच्या तपासातून येते. अपघातानंतर गाडीचा नेमका वेग काढायला ब्रेकच्या खुणा आणि गाडीतली नोंद बघावी लागते. प्रत्येक ठिकाणी ते होत नाही. कारणाच्या रकान्यात 'अतिवेग' लिहिलं की चौकाची चुकीची रचना, बंद दिवे, दुभाजकातली बेकायदा फट, सगळं झाकलं जातं. ८ ऑक्टोबर २०२२ ला औरंगाबाद रोडवर मिरची चौकात खासगी बस आणि ट्रेलरची धडक होऊन बस पेटली, १२ जण गेले. तो चौक नुसत्या वेगाच्या फलकाने सुरक्षित झाला असता असं कोणी म्हणेल का?

वाटसरू_सिडको

ठेकेदाराच्या फलकांबद्दल शंभर टक्के बरोबर. रकान्याचं म्हणणंही मान्य. पण कारण काहीही लिहिलं तरी धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. ६० वरून ८० म्हणजे पावणेदोन पटीहून थोडी जास्त. चौकाची रचना चुकलेली असेल, तर तिथून वाचायला वेग आणखी कमीच लागतो. मिरची चौकाचं उदाहरण मला तुमच्या विरुद्ध बाजूचं वाटतं.

८५ टक्क्यांचा नियम अमेरिकेतल्या ग्रामीण हमरस्त्यांवर रुळला. तिथे रस्त्यावर जवळपास फक्त मोटारी. आपल्या हायवेवर जत्रा हॉटेलपासून ओझरपर्यंत पायी ओलांडणारे, उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाक्या, सर्व्हिस रोडवरून एकदम आत घुसणारे टेम्पो. ड्रायव्हरला काचेच्या आत जो वेग बरा वाटतो, तो रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीला कसा वाटतो, हे त्या ८५ मध्ये मोजलंच जात नाही.

पिंपळगावकर

टॉपगिअर भाऊ, दिवसाचं सोडा. कांद्याच्या हंगामात रात्री चांदवड ते पिंपळगाव या रस्त्याचं काय?

ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला. वेग २०. तुम्ही मागून ९० ने आलात तर दोघांतलं अंतर ताशी ७० ने कमी होतंय, सेकंदाला साडेएकोणीस मीटर. अंधारात बिनदिव्याची वस्तू ओळखायला दीड सेकंद पुरत नाही, अडीच धरा. ट्रॅक्टरला न धडकता वेग त्याच्याएवढा खाली आणायचा तर तो किमान ७६ मीटरवरून दिसायला हवा. डिपरवर नीट उजेड पडतो साधारण ५० मीटर. म्हणजे ट्रॉली दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. ७० ने गेलात तर हाच हिशोब ४९ मीटरवर येतो. बरोबर काठावर. ७० हा आकडा घाबरटपणाचा नाही, तो तुमच्या हेडलाइटचा आहे.

अप्पर मारून चालवा म्हणाल तर समोरचा आंधळा होतो. दुभाजकावर झाडी असेल तिथे चालून जातं, सगळीकडे नाही.

टॉपगिअर

म्हणजे चूक बिनदिव्याच्या ट्रॉलीची आणि मर्यादा माझ्यावर? बाजार समितीच्या गेटवर एका ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टिव्ह टेप लावायला पाच मिनिटं लागतात. टेप लावल्याशिवाय आत घेऊ नका. हे सोडून हायवेवर स्पीडगन घेऊन उभं राहायचं, याला मी वसुली म्हणतो.

आणि सगळे ८० ने जाताना एकजण ५५ ने उजव्या लेनमध्ये चालला असेल तर धोका कोण तयार करतं? सॉलोमन या अमेरिकी संशोधकाच्या १९६४ च्या अभ्यासात सरासरीपेक्षा खूप हळू जाणाऱ्यांचे अपघातही खूप जास्त निघाले होते. सर्वांचा वेग सारखा असणं महत्त्वाचं, कमी असणं नाही.

वाटसरू_सिडको

टेपबद्दल सहमत, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी पहिली सही करतो.

सॉलोमनचा आलेख मात्र अर्धाच सांगितला जातो. त्यातल्या 'हळू' गाड्यांत वळण घ्यायला किंवा आत शिरायला थांबत आलेल्या गाड्याही मोजल्या होत्या. नंतरच्या अभ्यासात त्या बाजूला काढल्या तेव्हा हळू बाजूचा धोका बराच खाली आला. वेगवान बाजूचा नाही. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला ६० च्या रस्त्यांवर केलेल्या कामात ६० च्या वर दर ५ किलोमीटरला इजा होणाऱ्या अपघाताचा धोका साधारण दुप्पट होतो असं दिसलं. ६५ ला दुप्पट, ७० ला चौपट. सारखा वेग हवाच, पण तो मर्यादेच्या आत सारखा ठेवता येतो. हळू जाणाऱ्याने डावी लेन धरावी, एवढंच.

घाटरस्ता

लेनचा विषय निघालाच आहे तर जड गाड्यांचं सांगतो, कारण कारवाल्यांना ते आतून माहीत नसतं.

नियमाप्रमाणे ट्रकला ८० चा स्पीड गव्हर्नर, म्हणजे त्याहून जास्त वेग न देणारं यंत्र. डंपर, टँकर आणि शाळेच्या बसला ६०. आता ७५ ने जाणाऱ्या ट्रकला ७८ वाला ओव्हरटेक करतो. फरक ताशी ३ किलोमीटर. पुढे निघून सुरक्षित अंतर घ्यायला साधारण ६० मीटर जास्त कापावे लागतात, म्हणजे सव्वा मिनिटाच्या आसपास. तेवढ्यात दीड किलोमीटर रस्ता दोन्ही लेन अडवून जातो. मागे कारवाल्याचा संयम सुटतो आणि तो डावीकडून, शोल्डरवरून म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवरून काढतो. यात कारचा वेग चूक आहेच, पण ट्रकवाल्याने ओव्हरटेक करायचाच नव्हता. मालकांनी ड्रायव्हरला हे सांगायला हवं: १० चा फरक नसेल तर मागेच राहा.

घाटात मात्र मर्यादेवर चर्चाच नको. कसारा उतरताना भरलेली गाडी ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची आणि गिअर घाटाच्या माथ्यावर टाकायचा. उतारावर वेग चढल्यावर खालचा गिअर पडत नाही, मध्येच न्यूट्रल राहतो आणि इंजिनाची पकड गेली. मग सगळा भार ब्रेकवर. चाकातला ब्रेकचा ड्रम तापतो, तापून फुगतो, त्याला घासून गाडी थांबवणारा लायनर आणि ड्रममधलं अंतर वाढतं, लायनर चकाकतो, पेडल दाबूनही पकड येत नाही. त्यात जड गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, वारंवार मारल्याने टाकीतली ती हवा उतरते. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडणारा हेच आमंत्रण देतो. 'ब्रेक फेल' म्हणून छापून येणाऱ्या बऱ्याच घटनांत ब्रेक घाटाच्या सुरुवातीला चांगले असतात. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा) चालू ठेवा, कमी गिअर ठेवा, मर्यादा आपोआप पाळली जाते.

सायकलस्वार_उपनगर

टॉपगिअर दादा म्हणतात फलक खोटे. मग शहरात फलकाऐवजी रस्ताच तसा बांधा. पण नीट.

इंडियन रोड्स काँग्रेसचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असतो. २५ ने आरामात ओलांडता येतो, त्याहून जोरात नाही. आपल्या गल्ल्यांत असतो तो फूटभर रुंदीचा डांबराचा उंचवटा, पांढरे पट्टे नाहीत, आधी फलक नाही. त्याच्यावर ५० ने आलेला दुचाकीवाला उडतो आणि २० ने आलेल्याचा मणका दुखतो. वेग कमी करायला बांधलेली वस्तू स्वतःच अपघात करते.

आणि ५० व ६० मधल्या १० किलोमीटरचं काय एवढं, असं विचारणाऱ्यांसाठी: ५० वाला ३५ मीटरमध्ये थांबतो. त्याच ठिकाणी ६० वाला अजून ४३ ने चाललेला असतो. समोर शाळेतून सुटलेलं पोर असेल तर ४३ ची धडक काय करते, ते सांगायला नको.

टॉपगिअर

ताई, गल्लीत आणि शाळेजवळ मर्यादा मोडा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. माझा मुद्दा समृद्धी आणि हायवेचा. समृद्धीचा डिझाइन वेग १५०, कारची मर्यादा १२०. कुंपण आहे, दुचाकी नाही, समोरून कोणी येत नाही. तिथे १३० ला धोका नेमका कुठून येतो?

घाटरस्ता

टायरमधून. डिझाइन वेग म्हणजे वळणाची त्रिज्या, उतार आणि दिसणारं अंतर त्या वेगाला धरून आखलंय. तुमच्या टायरचं आयुष्य त्यात धरलेलं नाही. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, तापते, आणि सरळ सिमेंटच्या रस्त्यावर तासभर एका वेगाने चाललं की ती उष्णता निघायला उसंत मिळत नाही. शेवटी वरचा थर सुटतो. समृद्धीवर चढण्याआधी, टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीप्रमाणे हवा भरा. माणसं आणि सामान भरलेलं असेल तर पूर्ण भाराचा आकडा घ्या. टायरच्या बाजूला चार अंकी खूण असते: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. एवढा जुना टायर १२० ला नेऊ नका, १३० दूरच.

कागदपत्रे

चलनाबद्दल दोन्हीकडून अर्धवट बोललं जातंय म्हणून कायद्याचं लिहितो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११२(२): कमी मर्यादा लावायची तर राजपत्रात अधिसूचना आणि कलम ११६ प्रमाणे योग्य ठिकाणी फलक. महिनाभराच्या आतलं तात्पुरतं बंधन असेल तर अधिसूचना लागत नाही. म्हणजे काम संपून वर्ष उलटलेला ३० चा फलक आव्हान देण्यासारखा आहे. कलम १८३ चा दंड हलक्या वाहनाला १,००० ते २,०००, मध्यम आणि जड वाहनाला २,००० ते ४,०००, दुसऱ्यांदा सापडलं तर परवाना जप्त. कॅमेऱ्यासाठी ऑगस्ट २०२१ चा नियम १६७अ: यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण, कॅमेरा असल्याची सूचना देणारा फलक आधी, आणि नोटीस १५ दिवसांत.

"काटा तर एवढाच दाखवत होता" हे मात्र विसरा. गाडीचा काटा खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवेल असा बनवलेला असतो. लेझर गन बाजूने तिरकी धरली तर वेग कमी दिसतो, जास्त नाही. २० अंशांच्या कोनात ७० ची गाडी ६६ दिसते. दोन्ही चुका तुमच्या फायद्याच्या आहेत.

ज्या फलकावर शंका आहे त्याचा किलोमीटर दगडासकट फोटो घ्या आणि माहिती अधिकारात १० रुपये भरून तीनच गोष्टी मागा: अधिसूचनेचा क्रमांक व तारीख, मर्यादा कुठून कुठपर्यंत, आणि कॅमेरा असेल तर चालू वर्षाचं प्रमाणपत्र. शहरातल्या रस्त्याला पोलिस आयुक्तालयाच्या वाहतूक शाखेकडे, राष्ट्रीय महामार्गाला प्राधिकरणाकडे. ३० दिवसांची मुदत आहे.

टॉपगिअर

हे कामाचं. द्वारका ते आडगाव या पट्ट्यातल्या फलकांसाठी अर्ज करतो, उत्तर आलं की इथे टाकतो. रात्रीचं पिंपळगावकरांचं गणित मान्य, ७० च्या वर जाणार नाही. दिवसा कोरड्या, मोकळ्या चौपदरीवर ठेकेदाराच्या विसरलेल्या फलकासाठी मी ३० वर येणार नाही, हे मात्र कायम.

वाटसरू_सिडको

त्या फलकासाठी येऊ नका. पण अर्जात एक ओळ वाढवा: तो फलक काढायची जबाबदारी कोणाची आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला कोणत्या तारखेचा. ती तारीख हातात आली की फलक काढून घ्यायची मागणी आपण मिळून करू.